नवे कार्ड, जुने कार्ड : तुलनेचीच परीक्षा

साताऱ्याच्या एका शाळेत संगणक शिकवणारे सर आणि सांगलीच्या एका शाळेतील विज्ञानाच्या बाई गेल्या उन्हाळी सुटीत एक वाद घेऊन आमच्याकडे आले. दोन्ही शाळांनी माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून संगणक कक्षासाठी एकेक जरा ताकदीचा संगणक उभा केला होता. त्रिमितीय प्रतिकृती, नकाशे, सूर्यमालेची हलती दृश्ये अशा कामांसाठी त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड हवे, हे दोघांनाही पटले होते. साताऱ्याच्या शाळेला पुण्यात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने आपले वापरलेले कार्ड दिले. ते एनव्हिडिया कंपनीचे जीटीएक्स १६६० सुपर, ऑक्टोबर २०१९ मध्ये बाजारात आलेले. सांगलीच्या शाळेने दुकानातून कोरे कार्ड घेतले. ते त्याच कंपनीचे आरटीएक्स ३०५०, ६ गीगाबाइट मेमरीचे, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले.

"सर, तुमचं कार्ड जुनं, आमचं नवं," बाई म्हणाल्या. "मग मुलांनी तोच शर्यतीचा खेळ दोन्हीकडे लावला, तर तो तुमच्याकडे जास्त सफाईने कसा पळतो? दुकानदाराने मला तक्ता दाखवला होता. गणित करणारे घटक तुमच्या कार्डात १,४०८ आणि आमच्या कार्डात २,३०४. वर्गणी देणाऱ्यांना आता मी काय सांगू?"

सर हसून म्हणाले, "बाई, मी तर आधीपासून सांगतोय, जुनं ते सोनं."

आमच्या मते दोघांचेही चुकत होते. बाईंनी तारखेवर आणि एका आकड्यावर विश्वास ठेवला. सरांनी एका खेळावरून सगळ्या कामांचा निकाल लावला. चूक त्यांचीच आहे असेही नाही. ग्राफिक्स कार्डांच्या नव्या-जुन्याच्या तुलना ज्या रीतीने आपल्यापुढे मांडल्या जातात, ती रीतच मुळात सदोष आहे. म्हणून या लेखात आम्ही कार्डांची परीक्षा न घेता त्या तुलनांची परीक्षा घेणार आहोत.

कार्ड नेमके काय करते?

संगणकाच्या पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. आज सर्वत्र आढळणाऱ्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. हलते दृश्य सफाईदार दिसावे म्हणून ते सेकंदाला ६० वेळा नव्याने काढायचे ठरवले, तर दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. प्रत्येक ठिपक्याचे गणित साधे असते, पण गणितांची संख्या प्रचंड असते. संगणकाच्या मुख्य प्रोसेसरमध्ये थोडे पण हुशार कामगार असतात. ग्राफिक्स कार्डात साधे काम करणारे हजारो कामगार एकाच वेळी राबतात. त्यांनाच कोअर म्हणतात. १९९९ मध्ये आलेल्या जीफोर्स २५६ या कार्डापासून त्रिमितीय आकृतीची जागा बदलणे आणि तिच्यावर पडणारा प्रकाश मोजणे ही कामे घरगुती संगणकातही कार्डाकडे गेली, आणि 'जीपीयू' हा शब्द सर्वांच्या तोंडी आला.

सातारा-सांगलीच्या वाचकांना याची उपमा शोधायला लांब जावे लागणार नाही. साखर कारखान्याची गाळप क्षमता दिवसाला अमुक इतके टन अशी सांगतात. पण ऊस गव्हाणीत वेळेवर पडलाच नाही, तर चरक रिकामे फिरतात. ग्राफिक्स कार्डातले कोअर हे चरक समजा. कार्डाची मेमरी म्हणजे उसाच्या गाड्या उभ्या असतात तो गाडीतळ. गाडीतळापासून गव्हाणीपर्यंतचा रस्ता म्हणजे मेमरीची बँडविड्थ, अर्थात मेमरीतून दर सेकंदाला किती माहिती वाहून नेता येते तो आकडा. चिपच्या आतच थोडी झटपट मेमरी असते, तिला कॅश म्हणतात. ती म्हणजे गव्हाणीशेजारीच हाताशी ठेवलेल्या मोळ्या. आणि सरतेशेवटी पोत्यात साखर किती पडली, हे केवळ गाळपावरून कळत नाही, त्यासाठी उतारा पाहावा लागतो. केवळ गाळप क्षमता वाचून दोन कारखान्यांची तुलना करणाऱ्याला या भागातला कोणताही ऊस उत्पादक हसेल. कार्डांच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो.

पाटीवरचे नाव

तुलनेतली पहिली फसगत नावापासून सुरू होते. नावातला मोठा आकडा म्हणजे नवी आणि सरस वस्तू, असे आपण धरून चालतो. जुनी उदाहरणे पाहा. २००१ मध्ये जीफोर्स ३ आले. ठिपक्याचा रंग ठरवण्याचे गणित प्रोग्रॅम लिहून बदलता येण्याची सोय त्यात होती. २००२ मध्ये आलेल्या जीफोर्स ४ एमएक्स या स्वस्त कार्डात ती सोयच नव्हती, कारण त्याची मूळ रचना जीफोर्स २ च्या घराण्यातली होती. पाटीवर चार, आत दोन! २००७ चे जीफोर्स ८८०० जीटी हे कार्ड २००८ मध्ये जवळजवळ जसेच्या तसे ९८०० जीटी या नावाने विकले गेले. एएमडी ही दुसरी मोठी कंपनीही या मोहातून सुटलेली नाही. तिचे २०१६ चे आरएक्स ४८० आणि २०१७ चे आरएक्स ५८० या दोन्हींत २,३०४ कोअर. रचना तीच, फक्त कामाची गती थोडी वाढवलेली.

याच्या उलट प्रकार तर अधिक घातक आहे : नाव एकच आणि वस्तू दोन. शाळांच्या आवाक्यातले जीटी १०३० हे स्वस्त कार्ड २०१७ मध्ये आले, तेव्हा त्याच्या मेमरीची बँडविड्थ सेकंदाला ४८ गीगाबाइट होती. २०१८ मध्ये त्याच नावाने दुसरी आवृत्ती आली. तिच्यात वेगळ्या जातीची, संथ मेमरी होती आणि बँडविड्थ होती १६.८ गीगाबाइट. कोअर तेवढेच ३८४, मेमरी तेवढीच २ गीगाबाइट. खोक्यावरच्या ठळक अक्षरांत फरक दिसणार नाही, पण रस्ता एक तृतीयांश उरला.

अशा नामकरणावर टीका झाली तर तिचा परिणामही होतो, हे येथे नोंदवले पाहिजे. २०२२ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० हे नाव दोन वेगवेगळ्या चिपच्या कार्डांना दिले, एक १६ गीगाबाइटचे आणि एक १२ गीगाबाइटचे. जगभरच्या परीक्षकांनी आणि ग्राहकांनी आवाज उठवला. ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनीने नाव गोंधळात टाकणारे असल्याचे मान्य करून १२ गीगाबाइटचे कार्ड मागे घेतले. जानेवारी २०२३ मध्ये ते आरटीएक्स ४०७० टीआय या नावाने आले.

एका आकड्याची भुरळ

आता बाईंच्या तक्त्याकडे वळू. १,४०८ आणि २,३०४ हे दोन्ही आकडे खरे आहेत. दुकानदाराने खोटे एक अक्षरही सांगितले नव्हते. मग घोटाळा कोठे झाला?

कार्डातले कोअर सुटे नसतात, त्यांचे गट असतात. जुन्या १६६० सुपरमध्ये असे २२ गट आहेत आणि प्रत्येक गटात अपूर्णांकांचे गणित करणारे ६४ घटक. २२ गुणिले ६४ म्हणजे १,४०८. त्यांच्या जोडीला पूर्णांकांचे गणित करणारे आणखी ६४ घटक प्रत्येक गटात आहेत, पण ते 'कोअर' म्हणून मोजले जात नाहीत. २०२० मध्ये आलेल्या रचनेत एनव्हिडियाने या दुसऱ्या तुकडीलाही गरजेनुसार अपूर्णांकांचे गणित करण्याची सोय दिली आणि तिची गणतीही कोअरमध्ये होऊ लागली. म्हणून आरटीएक्स ३०५० च्या या आवृत्तीत १८ गट गुणिले १२८ म्हणजे २,३०४ कोअर झाले. म्हणजे गट २२ वरून १८ वर आले आणि कोअरचा आकडा मात्र दीडपटीहून अधिक झाला! कारखान्यात वजनकाट्यावरच्या माणसांना 'फावल्या वेळात चरकावरही जा' असे सांगितले आणि हजेरीपटावर सर्वांनाच चरकावरचे कामगार म्हणून दाखवले, तर जे होईल तेच येथे झाले. सुधारणा खरी आहे, कारण रिकामा हात कामाला लागला. पण वजनाचे काम संपलेले नाही, आणि ते करताना ती माणसे चरकावर नसतात.

आता रस्ता पाहू. बँडविड्थ काढायचे सूत्र आठवी-नववीच्या मुलांनाही जमेल : मेमरीच्या रस्त्याची रुंदी बिटमध्ये, गुणिले दर बिट-मार्गाची गती, भागिले ८. जुन्या कार्डाची रुंदी १९२ बिट, गती १४ गीगाबिट. १९२ गुणिले १४ भागिले ८, म्हणजे सेकंदाला ३३६ गीगाबाइट. नव्या कार्डाची गती तेवढीच, रुंदी मात्र ९६ बिट. उत्तर १६८ गीगाबाइट, म्हणजे बरोबर निम्मे. मुलांचा शर्यतीचा खेळ जुन्या कार्डावर का पळत होता, हे आता समजते. परीक्षकांच्या चाचण्यांतही किरणांचा माग काढण्याची खास सोय न वापरणाऱ्या बहुतेक खेळांत १६६० सुपर या कार्डाच्या पुढेच राहते. बाईंच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. २०२२ मध्ये प्रथम आलेले आरटीएक्स ३०५० हे ८ गीगाबाइटचे होते, २,५६० कोअरचे आणि २२४ गीगाबाइट बँडविड्थचे. त्याच पाटीचे दुसरे कार्ड त्यांच्या हाती पडले.

यावरून 'कोअरचा आकडा निरर्थक आहे' असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र करू नये. २०१७ चे जीटीएक्स १०८० टीआय आणि २०२१ चे आरटीएक्स ३०६० या दोन्हींत कोअर अगदी सारखे, ३,५८४. आणि साध्या खेळांत या दोघांचा वेगही जवळपास सारखाच पडतो. बँडविड्थ मात्र जुन्याची ४८४ आणि नव्याची ३६० गीगाबाइट. म्हणजे या जोडीत कोअरचा आकडा खरा ठरला आणि बँडविड्थचा फसवा. आधीच्या जोडीत नेमके उलट होते. कोणता आकडा केव्हा खरा ठरेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून काम करवून पाहावे लागते. प्रयोगाला पर्याय नाही, असे आपण वर्गात सांगतो ते याच अर्थाने.

फुटलेली प्रश्नपत्रिका

मग ठरावीक प्रोग्रॅम दोन्ही कार्डांवर चालवून वेळ मोजला की झाले, असे कोणी म्हणेल. अशा मोजणीच्या प्रोग्रॅमला बेंचमार्क म्हणतात. पण परीक्षेत काय होऊ शकते हे शिक्षकांना सांगायला नको.

२००१ मध्ये एटीआय कंपनीच्या रेडिऑन ८५०० या कार्डाबाबत एक गंमत उघड झाली. 'क्वेक ३' हा खेळ त्या काळी वेग मोजण्यासाठी सर्रास वापरत. परीक्षकांनी त्याच्या फाइलमधले 'क्वेक' हे नाव बदलून 'क्वॅक' केले, आणि कार्डाचा वेग उतरला! कार्डाबरोबर येणारा ड्रायव्हर नावावरून खेळ ओळखत होता आणि चित्राचा दर्जा उतरवून वेग वाढवत होता. २००३ मध्ये 'थ्रीडी मार्क ०३' या चाचणीच्या निर्मात्यांनी एनव्हिडियाचा ड्रायव्हर चाचणी ओळखून वागतो, असे जाहीर केले. पुढे काही दिवसांनी दोन्ही पक्षांनी मिळून निवेदन काढले आणि त्यात 'फसवणूक' हा शब्द टाळून 'विशिष्ट प्रोग्रॅमसाठी केलेली सुधारणा' असे म्हटले. शब्द कोणताही वापरा. फुटलेल्या प्रश्नपत्रिकेवर मिळालेले गुण विद्यार्थ्याचे ज्ञान सांगत नाहीत, हे आपल्याला ठाऊकच आहे. चांगले परीक्षक म्हणूनच एका चाचणीवर थांबत नाहीत, दहा-पंधरा वेगवेगळी कामे करवून घेतात आणि चित्राचा दर्जाही तपासतात.

मधल्या फ्रेम कोणी काढल्या?

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील लास व्हेगास येथे एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी नवी मालिका जाहीर करताना सांगितले, की ५४९ डॉलरच्या आरटीएक्स ५०७० मध्ये आरटीएक्स ४०९० ची कामगिरी मिळेल. ४०९० हे २०२२ मध्ये १,५९९ डॉलरला आलेले कार्ड. त्यात १६,३८४ कोअर आणि २४ गीगाबाइट मेमरी, तर ५०७० मध्ये ६,१४४ कोअर आणि १२ गीगाबाइट. एक तृतीयांश किमतीत तेवढेच काम! हे कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे शक्य झाले, असेही त्याच भाषणात सांगितले होते. त्याचा अर्थ समजून घेऊ.

हलते दृश्य हे एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांचे, म्हणजे फ्रेमचे बनलेले असते. नव्या कार्डात अशी सोय आहे, की खेळाच्या गणितातून एक फ्रेम काढायची आणि तिच्या जोडीला तीनपर्यंत फ्रेम अंदाजाने रचून मध्ये घालायच्या. मागच्या मालिकेत अशी एकच फ्रेम घालता येत असे. म्हणजे तुलना झाली ती एकीकडे खऱ्या फ्रेममागे तीन रचलेल्या आणि दुसरीकडे फार तर एक रचलेली, अशी. मार्च २०२५ मध्ये कार्ड बाजारात आल्यावर स्वतंत्र परीक्षकांनी रचलेल्या फ्रेम वगळून मोजणी केली, तेव्हा ५०७० हे ४०९० च्या बरेच मागे आणि २०२४ च्या आरटीएक्स ४०७० सुपरच्या आसपास असल्याचे दिसले.

दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) च्या आधी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा छोटा चित्रपट केला होता. कुंडीतल्या रोपाची थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम टिपत त्यांनी वाढ पडद्यावर आणली. समजा, त्यांनी चौथ्या दिवसालाच एक फ्रेम टिपली असती आणि मधल्या तीन दिवसांची चित्रे कुशल चित्रकाराकडून अंदाजाने काढून घेतली असती. पडद्यावर वाढ तितकीच सफाईदार दिसली असती. पण दुसऱ्या दिवशी रोप कोणत्या बाजूला झुकले, हे कोणाला त्यावरून सांगता आले असते का?

आम्ही या युक्तीला वाईट म्हणत नाही. संथ दृश्य डोळ्यांना सुखद करण्यासाठी ती उपयोगी आहे, आणि तिच्यामागचे गणितही कौतुकास्पद आहे. पण खेळ सेकंदाला ३० खऱ्या फ्रेम काढत असेल, तर रचलेल्या धरून पडद्यावर १२० दिसल्या तरी बटण दाबल्यावर खेळाचा प्रतिसाद ३० फ्रेमच्याच हिशेबाने येतो. शिवाय शाळेतल्या मुलाला प्रतिकृतीचे चित्रण करून घ्यायचे असेल किंवा मोठे गणित सोडवायचे असेल, तर या फ्रेमचा उपयोग शून्य. वेगळ्या अटींवर घेतलेल्या दोन मोजण्या एकाच आलेखात शेजारी उभ्या करणे, हा आमच्या आक्षेपाचा मुद्दा आहे.

सरासरीच्या आड

अटी सारख्या ठेवल्या तरी निकाल सांगण्याची रीत तपासावी लागते. 'सेकंदाला सरासरी ६० फ्रेम' हे वाक्य घ्या. एका कार्डाने एका सेकंदात ६० फ्रेम समान अंतराने दाखवल्या. दुसऱ्याने ५९ फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत दाखवल्या, म्हणजे ५९० मिलिसेकंद, आणि साठावी फ्रेम दाखवायला ४१० मिलिसेकंद घेतले. एकूण १,००० मिलिसेकंद. दोघांची सरासरी ६०, पण दुसऱ्याचे चित्र जवळजवळ अर्धा सेकंद गोठले. मेमरी अपुरी पडली की जुन्या आणि स्वस्त कार्डांत असे धक्के हमखास बसतात. म्हणून जाणते परीक्षक सरासरीबरोबर सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा आकडाही देतात. वर्गाची सरासरी चांगली आली म्हणून नापास झालेल्या मुलाकडे दुर्लक्ष करू नये, तसेच हे आहे.

मोठ्या यंत्रांचेही तेच. पुण्याच्या सी-डॅकमधील परम सिद्धी-एआय हा महासंगणक ग्राफिक्स कार्डांच्याच जातीच्या ए१०० या चिपवर उभा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये तो जगातील ५०० महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला. त्या यादीत त्याचे दोन आकडे आहेत : कागदोपत्री कमाल ५.२६७ पेटाफ्लॉप, आणि ठरवून दिलेले गणित प्रत्यक्ष सोडवताना सुमारे ४.६ पेटाफ्लॉप. याच यंत्राचे वर्णन २१० पेटाफ्लॉप असेही केले जाते. तिन्ही खरे आहेत. तिसरा आकडा कृत्रिम बुद्धिमत्तेला पुरणाऱ्या, कमी अंकांच्या अचूकतेच्या गणिताचा आहे. एका कार्डाच्या तक्त्यात पहिला आकडा आणि शेजारच्या कार्डाच्या तक्त्यात तिसरा, असे झाले तर तुलनेचे काय होईल, याची कल्पना वाचकांनी करावी.

जुन्याचे सोने आणि जुन्याचे दुखणे

आता साताऱ्याच्या सरांकडे वळू. 'जुने ते सोने' हेही परीक्षेला बसवले पाहिजे. वर उल्लेख केलेले १०८० टीआय आणि ३०६० घ्या. वेग सारखा, पण जुन्याची वीज २५० वॅट आणि नव्याची १७०. फरक ८० वॅटचा. दिवसाला चार तास पूर्ण भाराने, वर्षाला २०० दिवस वापर धरला, तर ६४ युनिट. एका कार्डासाठी हे फार नाही, पण वीस संगणकांच्या कक्षात ते १,२८० युनिट होतात, आणि वीज गेल्यावर भार यूपीएसवर पडतो तो वेगळाच.

दुसरे दुखणे अधिक गंभीर आहे. १०८० टीआयच्या पिढीच्या कार्डांना कंपनीकडून मिळणाऱ्या ड्रायव्हरच्या नियमित सुधारणा ऑक्टोबर २०२५ पासून थांबल्या, यापुढे काही काळ केवळ सुरक्षेपुरत्या मिळणार आहेत. कार्डावर गणित करवून घेण्यासाठी लागणाऱ्या 'कुडा' या प्रणालीच्या तेराव्या आवृत्तीनेही २०२५ मध्येच त्या पिढीला निरोप दिला. चिप धडधाकट आहे, पण तिच्याशी बोलणारे सॉफ्टवेअर पुढे निघून गेले. सरांचे १६६० सुपर त्यानंतरच्या पिढीचे असल्यामुळे ही वेळ त्याच्यावर त्याच वेळी आली नाही, पण कधीतरी येणारच. वापरलेल्या कार्डात पंखे झिजतात, उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकते. चिप तापली की कार्ड आपोआप गती कमी करते. डिसेंबरच्या सकाळी घेतलेली मोजणी आणि एप्रिलमधल्या सांगलीच्या दुपारी घेतलेली मोजणी म्हणूनच सारखी येईलच असे नाही.

मग निकाल काय?

शर्यतीच्या खेळात साताऱ्याचे जुने कार्ड सरस, हे मान्य. पण त्याला १२५ वॅट लागतात, वेगळी वीजजोडणी लागते आणि तसा पुरवठा देणारा संगणक लागतो. सांगलीचे नवे कार्ड ७० वॅटचे आहे. ते मदरबोर्डच्या खाचेतूनच वीज घेते, त्यामुळे शाळेतल्या साध्या संगणकातही बसू शकते. त्यात प्रकाशकिरणांचा माग काढण्याचे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे गणित करण्याचे खास घटक आहेत. ते १६६० सुपरमध्ये नाहीत. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मुले त्रिमितीय चित्रण करतात, तेव्हा हे घटक थेट कामी येतात. यंत्राला चित्रे ओळखायला शिकवण्याचे छोटे प्रयोग करतानाही तसेच. बाईंनी वर्गणीदारांना हेच सांगावे : पैसे वाया गेलेले नाहीत. मात्र कोणत्या कामासाठी कार्ड हवे, हे न ठरवता आपण तक्ता पाहिला, ही आपली चूक झाली. सरांनीही देणगीदार विद्यार्थ्याचे आभार मानताना पंखे साफ करून घ्यावेत.

सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीच्या लोखंडी नांगराची हकिगत आपल्याला माहीत आहे. लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशा समजुतीने शेतकरी सुरुवातीला त्याला हात लावायला तयार नव्हते. तेव्हा नव्याची भीती होती, आज नव्याची भूल आहे. दोन्हींवर उपाय एकच, की नांगराची परीक्षा शेतातच घ्यावी.

पुढच्या वेळी कार्डांची तुलना समोर आली, तर पाच प्रश्न विचारावेत. कोणत्या कामाची मोजणी आहे? दोन्हींकडे अटी त्याच होत्या का, रचलेल्या फ्रेम धरल्या आहेत का? मोजणी विकणाऱ्याने केली की तिऱ्हाइताने? केवळ सरासरी दिली आहे, की संथ फ्रेमचाही आकडा आहे? आणि वीज व सॉफ्टवेअरचे उरलेले आयुष्य हिशेबात धरले आहे का?

वर्गात करून पाहा

यासाठी महागडे कार्ड लागत नाही. शाळेतले कोणतेही दोन संगणक घ्या, एक जुना, एक नवा. दोन्हींवर ब्लेंडरची एकच आवृत्ती आणि एकच देखावा ठेवा. चित्र पूर्ण व्हायला लागणारा वेळ घड्याळ लावून पाच वेळा मोजा. पहिली मोजणी वेगळी ठेवा, कारण तेव्हा फाइल डिस्कवरून वाचली जाते. मग एका वेळी एकच गोष्ट बदला : चित्राचा आकार दुप्पट करा, खिडकी बंद करून खोली तापू द्या किंवा मागे दुसरा प्रोग्रॅम चालू ठेवा. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा आणि नंतर आलेख काढायला लावा. 'नवा संगणक वेगवान आहे' या वाक्यापुढे 'कोणत्या कामात?' असे एखाद्या मुलीने आपणहून लिहिले, तर तास सार्थकी लागला असे समजावे. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या शाळा दिवाळीनंतर हा प्रयोग एकाच देखाव्यावर करणार आहेत. आपणही करून पाहावा आणि आपल्या नोंदी आम्हाला जरूर कळवाव्यात.